आधी ऐकावे, मग न्याय करावा

शास्त्रपाठ : योहान ७:४५-५२, नीतिसूत्रे १८:१३ व १७



निकदेमाचे नाव काढले की आपल्याला योहानाच्या शुभवर्तमानातील तिसरा अध्याय आठवतो. रात्रीची वेळ, दाराशी आलेला एक वृद्ध शास्त्री, आणि नव्या जन्माविषयीचे ते संभाषण. संडे स्कूलमधील लहान मुलांनाही हा भाग ठाऊक असतो. परंतु सातव्या अध्यायातील निकदेमाकडे आपले फारसे लक्ष जात नाही. आज त्याच्याकडे पाहू या.

मंडपाचा सण चालू होता. प्रभू येशूला धरून आणण्यासाठी मुख्य याजकांनी व परूश्यांनी शिपाई पाठवले होते. ते रिकाम्या हातांनी परत आले. या मनुष्यासारखे आजवर कोणी बोलला नाही, एवढेच त्यांचे उत्तर. सभेतील मोठी माणसे संतापली. तुम्हीही फसलात काय, असे त्यांनी शिपायांना विचारले. ज्यांना नियमशास्त्र कळत नाही अशा लोकांचा हा जमाव शापित आहे, असेही ते म्हणाले. म्हणजे येशूचा निकाल लागला होता आणि लोकांचाही लागला होता. फक्त चौकशी राहिली होती!

त्या वेळी निकदेम उठला. त्याने भाषण केले नाही, की आपली श्रद्धाही प्रकट केली नाही. त्याने एकच प्रश्न विचारला : एखाद्याचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय आणि तो काय करतो हे जाणून घेतल्याशिवाय आपले नियमशास्त्र त्याला दोषी ठरवते काय? हे तर न्यायाचे अगदी मूळाक्षर. पण एवढे विचारल्याबद्दलही त्याला टोमणा मिळाला : तूही गालीलाचाच आहेस काय?

हा उतारा वाचताना मला नेहमी आपल्या देशातील एका थोर गृहस्थाची आठवण होते. ते वकील होते, न्यायाधीश होते आणि राजकारणी पुरुषही होते. ते ख्रिस्ती नव्हते, हे आरंभीच सांगतो. तरी त्यांच्या जीवनातून आपण ख्रिस्ती लोकांनी पुष्कळ शिकावे आणि एका ठिकाणी सावधही व्हावे, असे मला वाटते. ते गृहस्थ म्हणजे सर नारायण गणेश चंदावरकर.

त्यांचा जन्म २ डिसेंबर १८५५ रोजी होन्नावर येथे झाला. हे गाव आज कर्नाटकात आहे. त्या काळी ते मद्रास इलाख्यात होते. सारस्वत कुटुंब, घरची भाषा कोकणी. शिक्षणासाठी ते मुंबईस आले आणि एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले. १८८१ मध्ये कायद्याची परीक्षा उतरून त्यांनी वकिली सुरू केली. त्याच काळात 'इंदुप्रकाश' पत्राच्या इंग्रजी बाजूचे संपादन त्यांच्याकडे होते. म्हणजे दिवसा पक्षकाराची बाजू मांडायची आणि लेखणी हाती घेतली की लोकांची बाजू मांडायची, असा त्यांचा क्रम होता.

१८८५ मध्ये इंग्लंडात निवडणुका व्हायच्या होत्या. हिंदुस्थानचे गाऱ्हाणे तेथील मतदारांपुढे ठेवण्यासाठी तिघांना पाठवण्यात आले. कलकत्त्याहून मनमोहन घोष, मद्रासेकडून रामस्वामी मुदलियार आणि मुंबईहून तीस वर्षांचेही न झालेले चंदावरकर. ज्याचे कोणी ऐकत नाही त्याच्या वतीने बोलायला गेलेली ही माणसे. त्याच वर्षी २८ डिसेंबरला मुंबईत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले. पुढे १९०० साली लाहोरच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद चंदावरकरांकडे आले, आणि लगेच १९०१ मध्ये मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीशपद. तेथे त्यांनी सुमारे बारा वर्षे न्यायदान केले. १९१० मध्ये त्यांना 'सर' ही पदवी मिळाली.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे वारले. त्यांच्यामागे प्रार्थना समाजाची धुरा चंदावरकरांनी उचलली आणि ती अखेरपर्यंत वाहिली. आठवडाभर न्यायासनावर बसणारा हा मनुष्य रविवारी उपासनेला उभा राहून देवाच्या न्यायासनाविषयी बोलत असे. संतांच्या अभंगांबरोबर पवित्र शास्त्राचाही त्यांचा चांगला अभ्यास होता. १९१० साली मुंबईच्या वाय.एम.सी.ए.मध्ये त्यांनी ख्रिस्ताचे राज्य आणि युगधर्म या विषयावर व्याख्यान दिले. ख्रिस्ताच्या शिकवणीचे तत्त्व हिंदू समाजात हळूहळू मुरत आहे, असा त्याचा आशय होता. मिशनरी लोकांनी त्या व्याख्यानाचा पुढे पुष्कळ उल्लेख केला.

त्याआधी १८ ऑक्टोबर १९०६ रोजी विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत निराश्रित साह्यकारी मंडळी स्थापन केली आणि परळला अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा उघडली. मंडळीचे अध्यक्षपद हायकोर्टाच्या या न्यायाधीशाने स्वीकारले. ज्या काळी महार, चांभार, भंगी म्हटलेल्यांची सावली टाळणारी माणसे समाजात प्रतिष्ठित गणली जात होती, त्या काळी एवढ्या मोठ्या हुद्द्याच्या गृहस्थाने उघडपणे त्यांच्या बाजूला बसणे ही लहान गोष्ट नव्हती. तूही त्यांच्यातलाच काय, हा टोमणा त्यांच्या काळातही होताच.

आम्हा माळव्यातील मराठी लोकांना त्यांच्याविषयी आणखी एका कारणाने जवळीक वाटते. धारचे पवार आणि इंदूरचे होळकर यांच्यामुळे आमचे पूर्वज इकडे आले. न्यायासनावरून उतरल्यावर काही काळ चंदावरकर त्याच होळकर संस्थानाचे दिवाण होते. १९२१ मध्ये मुंबईचे नवे कायदे कौन्सिल भरले तेव्हा त्याचे अध्यक्षस्थानही त्यांना मिळाले. १४ मे १९२३ रोजी बंगलोर येथे त्यांचे देहावसान झाले.

एवढे चरित्र वाचून कोणी म्हणेल, असा मनुष्य न्यायाच्या कामी चुकणे शक्यच नाही. परंतु बंधुभगिनींनो, पवित्र शास्त्र थोरांची चरित्रे सांगताना काही झाकून ठेवत नाही. दावीद स्तोत्रे गातो, आणि उरीयाला मरायलाही पाठवतो. म्हणून आपणही झाकू नये.

१९१८ साली बंगालमध्ये शेकडो तरुण खटल्यावाचून अटकेत होते. त्यांच्या प्रकरणांची तपासणी करण्यासाठी सरकारने दोन न्यायाधीशांची समिती नेमली. एक होते बीचक्रॉफ्ट साहेब, दुसरे निवृत्त न्यायमूर्ती चंदावरकर. त्यांच्यापुढे ८०६ प्रकरणे आली. त्यांपैकी फक्त ६ जणांना सोडावे अशी त्यांनी शिफारस केली.

आकडे पुन्हा वाचा. ८०६ आणि ६. त्या तरुणांत खरे अपराधी नव्हतेच, असे मी म्हणत नाही. त्या दोघांनी जाणूनबुजून अन्याय केला, असेही म्हणणार नाही. त्यांनी कागद बारकाईने वाचले असतील. पण उघड न्यायालय नव्हते, साक्षीदार समोर उभे नव्हते, त्यांची उलटतपासणी नव्हती. ज्याने आयुष्यभर कोर्टात दोन्ही बाजू ऐकल्या, त्याच्या हाती या वेळी मुख्यतः पोलिसांची बाजू आली. नीतिसूत्रांचा कर्ता सांगतो की, जो पहिल्याने आपली बाजू मांडतो तो खरा वाटतो. मग दुसरा येऊन त्याची पारख करतो. येथे तो दुसरा आलाच नाही. पुढच्याच वर्षी, १९१९ मध्ये, रौलट कायदा झाला. ना वकील, ना दलील, ना अपील, असे लोक त्याचे वर्णन करू लागले. आणि १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत गोळ्या झाडल्या गेल्या.

त्या हत्याकांडावर हंटर समितीचा अहवाल १९२० साली निघाला. तो ऐकून देश दुखावला. मुंबईत निषेधाची जाहीर सभा भरली, तेव्हा अध्यक्षस्थानी कोण होते? सर नारायण चंदावरकर. सरकारने ज्यांना 'सर' केले, ज्यांच्यावर विश्वास टाकून ८०६ जणांचे कागद दिले, तेच आता सरकारी अहवालाविरुद्ध उभे राहिले. त्यांच्या मनात काय चालले होते हे देव जाणे. पण त्या दिवशी त्यांनी मेलेल्यांची बाजू ऐकली जावी असा आग्रह धरला, एवढे खरे.

या जीवनापासून आपण तीन गोष्टी घेऊ.

पहिली गोष्ट : ऐकणे हा देवाचा स्वभाव आहे.

एदेन बागेत आदामाने पाप केले. देवाला सर्व ठाऊक होते. तरी तो आधी विचारतो, तू कोठे आहेस? काइनालाही तो आधी विचारतो, तुझा भाऊ कोठे आहे? सदोमाची ओरड स्वर्गापर्यंत पोहोचली, तेव्हा देव म्हणतो की, मी खाली जाऊन पाहतो, कानी आले आहे तसेच त्यांनी केले आहे काय (उत्पत्ती १८:२१). सर्वज्ञ देव निकालाआधी खाली उतरून पाहतो, मग आपण तर कालपरवाची माणसे! मोशेने न्यायाधीश नेमले तेव्हा लहानमोठ्यांचे सारखेच ऐका, असे बजावले. कारण न्याय करणे देवाचे काम आहे (अनुवाद १:१६-१७). न्याय देवाचा आहे, आपण केवळ त्याच्या खुर्चीच्या कडेवर बसलेलो असतो.

दुसरी गोष्ट : चांगल्या मनुष्याकडूनही न ऐकता निकाल होतो.

येथे मला माझी स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगायला मला लाज वाटते, म्हणूनच सांगतो.

आमचे निसरपुर आज पाण्याखाली आहे. सरदार सरोवराचे पाणी येणार, हे आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. १९७९ साली नर्मदा लवादाचा निवाडा झाला, त्यानंतर मोजण्या झाल्या, याद्या झाल्या. ज्याचे नाव यादीत आले त्याला प्लॉट मिळाला. ज्याचे सुटले तो अर्ज घेऊन पायऱ्या झिजवत राहिला. ८ फेब्रुवारी २०१७ रोजी सुप्रीम कोर्टाचा हुकूम झाला आणि ३१ जुलैपर्यंत गाव सोडण्याची मुदत ठरली. २०१९ च्या सप्टेंबरात धरण १३८.६८ मीटरपर्यंत भरले आणि बाजार, घरे, देवळे सगळे बुडाले. आमचे कोणी ऐकून घेत नाही, हे वाक्य त्या वर्षांत आम्ही किती वेळा बोललो असू!

त्याच २०१७ च्या उन्हाळ्यात आमच्या लहानशा संगतीने, सामान हलवण्यासाठी गरजू कुटुंबांना मदत म्हणून थोडा फंड जमवला. खजिनदार होते एक वडीलधारे बंधू. आम्ही सगळे त्यांना काका म्हणत असू. हिशेबात साडेचार हजार रुपयांचा मेळ बसेना. कुजबुज सुरू झाली. एका संध्याकाळी पंच कमिटी बसली. काका त्या दिवशी आजारी पत्नीला घेऊन बाहेरगावी गेले होते. ते आल्यावर बोलू, असे कोणी म्हणाले नाही. मीही म्हणालो नाही. प्रार्थना करून आम्ही सभा सुरू केली, अर्ध्या तासात ठराव लिहिला, सह्या केल्या, आणि प्रार्थना करून उठलो. काकांना खजिनदारपदावरून काढले. त्या कागदावर तिसरी सही माझी आहे.

काकांनी ठराव वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि उपासनेला येणे बंद केले. ते येत नाहीत म्हणजे अपराधी असलेच पाहिजेत, असे आम्ही एकमेकांना समजावले.

दोन वर्षांनी पाणी आले. संगतीची जुनी लोखंडी पेटी माझ्याच घरी ठेवलेली होती. नव्या बसाहटीत ती उघडली तेव्हा गीतपुस्तकांच्या तळाशी पावतीपुस्तक सापडले. एका विधवा बहिणीचे सामान हलवण्यासाठी ट्रॅक्टरचे भाडे दिले होते. तीन खेपा, साडेचार हजार रुपये, तारीख, अंगठा, सर्व व्यवस्थित. दोन वर्षे तो पुरावा माझ्याच घरात, माझ्याच खाटेखाली होता. आणि मी कधी पेटी उघडून पाहिली नव्हती.

मी व आणखी दोघे पंच काकांकडे गेलो. "काका, आम्ही चुकलो," एवढेच मला म्हणता आले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या बाईंचं नाव सभेत घ्यावं लागलं असतं, म्हणून मी गप्प राहिलो. पण तुमच्यापैकी कोणी एकदा घरी येऊन विचारलं असतं, तर सांगितलं असतं. मी वाट पाहत होतो रे."

पुढच्या रविवारी उपासनेत आम्ही ठराव रद्द केल्याचे उभे राहून वाचले आणि क्षमा मागितली. काकांनी क्षमा केली. काही महिन्यांनी ते उपासनेला येऊ लागले. खजिनदारपद मात्र त्यांनी पुन्हा घेतले नाही, आणि मीही आग्रह केला नाही. काही काच जोडता येते, पण चीर दिसतच राहते. सरकारने आमचे ऐकले नाही म्हणून रडणारे आम्ही, आमच्याच भावाचे ऐकायला आम्हाला एक संध्याकाळ मिळाली नाही.

म्हणून ८०६ आणि ६ हे आकडे वाचताना मी त्या थोर न्यायमूर्तींकडे बोट दाखवू शकत नाही. त्यांच्यापुढे निदान कागद तरी होते. आम्ही पेटीही उघडली नाही.

तिसरी गोष्ट : आपला कैवारी जिवंत आहे.

निकदेमाचा प्रश्न त्या दिवशी सभेने उडवून लावला, आणि पुढे वल्हांडणाच्या रात्री नेमके तेच घडले. रात्रीची न्यायसभा, खोटे साक्षीदार, एकाची साक्ष दुसऱ्याशी जुळेना (मार्क १४:५६), तरी निकाल मरणाचा. पिलाताने तीनदा सांगितले की याच्याकडे दोष सापडत नाही, आणि मग त्यालाच वधस्तंभावर देण्यासाठी सोपवून दिले. जगातील प्रत्येक न ऐकलेल्या मनुष्याच्या जागी प्रभू येशू उभा राहिला. निसरपुरच्या यादीत ज्याचे नाव सुटले त्याच्या जागी तो उभा राहिला. ठराव खिशात ठेवून घरी बसलेल्या काकांच्या जागीही तो उभा राहिला.

पण तेवढ्यावर शुभवर्तमान संपत नाही. ज्यांनी सही केली त्यांच्यासाठीही तो मेला. आपण पाप केले तर पित्याजवळ आपल्याला कैवारी आहे, तो नीतिमान येशू ख्रिस्त, असे योहान लिहितो (१ योहान २:१). दुसऱ्याला न ऐकता दोषी ठरवणाऱ्या माझ्यासारख्याचे म्हणणेही तो ऐकून घेतो. ही कृपा नव्हे तर काय?

चंदावरकर वकील होते, न्यायाधीश होते, आणि राज्यकारभारातही होते. एका मनुष्याला ही तीनही कामे वेगवेगळ्या काळी करावी लागली, आणि तिन्हींत तो मनुष्यच राहिला. यशया संदेष्टा सांगतो की परमेश्वर आमचा न्यायाधीश आहे, तो आमचा नियम देणारा आहे, तो आमचा राजा आहे, तोच आम्हाला तारील (यशया ३३:२२). तीनही पदे एकाच्या ठायी, आणि त्यांचा शेवट तारणात. असा राजा पृथ्वीवरील कोणत्याही कोर्टात किंवा कौन्सिलात मिळत नाही.

आणखी एक शब्द. चंदावरकर ख्रिस्ताच्या शिकवणीचा एवढा आदर करून मंडळीबाहेर राहिले, याविषयी आपल्यात कधी कधी हळहळ व्यक्त होते. हळहळ करण्याआधी आपण एक प्रश्न स्वतःला विचारावा. असा विचारी मनुष्य आपल्या मंडळीच्या दाराशी आला असता, तर आत त्याला काय दिसले असते? निकदेमाचा न्याय, की परूश्यांची घाई?

आणि निकदेमाला विसरू नका. तिसऱ्या अध्यायात तो रात्री येतो. सातव्यात भर सभेत एक प्रश्न विचारतो. एकोणिसाव्यात, जेव्हा शिष्य लपून बसले आहेत, तेव्हा तो गंधरस व अगरू घेऊन उघडपणे वधस्तंभापाशी येतो. जो मनुष्य एका अपराधी म्हटलेल्याचे ऐकून घ्या म्हणाला, त्याला देवाने आपल्या पुत्राच्या देहाला हात लावण्याचा मान दिला.

संडे स्कूलच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. वर्गात एखाद्या मुलाची पेन्सिल हरवते आणि सगळी बोटे एकाच मुलाकडे वळतात, तेव्हा हा धडा शिकवण्याची खरी वेळ असते. त्या मुलाला जवळ बोलावून आधी विचारा. ते मूल न्याय म्हणजे काय, हे त्या दिवशी शिकेल आणि जन्मभर विसरणार नाही.

आणि पंच बंधूंनो, पुढच्या सभेत कोणाविषयी ठराव येईल, तेव्हा सही करण्याआधी तो भाऊ किंवा ती बहीण खोलीत आहे काय, ते पाहा. नसेल तर लेखणी खाली ठेवा. सभा एक आठवडा पुढे गेल्याने मंडळी बुडत नाही.

आपण प्रार्थना करू : हे सर्व पृथ्वीच्या न्यायाधीशा, तू आमचे ऐकतोस, म्हणून आम्ही जिवंत आहो. ज्यांचे आम्ही ऐकले नाही त्यांच्या दाराशी जाण्याचे धैर्य आम्हाला दे. आमच्या जिभेआधी आमचे कान उघड. आमचा कैवारी येशू ख्रिस्त याच्या नावाने मागतो. आमेन.